ऑपरेटरची सही

आमच्या दाराला बेल आहे, तरी नाना विधाते कडीच वाजवायचे. बेलवर त्यांचा विश्वास नव्हता. "बेल वाजली का नाय, हे बाहेरच्याला कळत नाय. कडीचं तसं नसतं," म्हणायचे. आणि कडी वाजवून दार उघडेपर्यंत थांबणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. आपण पिठाचे हात पुसत दारापाशी जावं, तर नाना अर्धा जिना उतरलेले, नाहीतर वरच्या मजल्यावर मीटरच्या पेटीत डोकं घालून उभे. "आलो, आलो," असं तिथूनच ओरडायचे. जणू मीच त्यांची कडी वाजवली होती.

पाथर्डी फाट्याच्या अलीकडे आमची बारा बिऱ्हाडांची सोसायटी. दुसऱ्या मजल्यावर आमची दोन दारं समोरासमोर. नाना अंबडच्या एका कारखान्यात मेंटेनन्स खात्यात तीस वर्षं काढून रिटायर झालेले. मूळ घर मखमलाबादकडचं, गुलाबाच्या मळ्यातलं. बायको सुमनकाकू, त्याही मळ्यातल्याच. नानांची चण लहान, शर्टाच्या खिशाला पेनाच्या जागी टेस्टर, आणि बोलताना एक पाय सारखा हलता. चहा उभ्याने प्यायचे, तोही अर्धा. उरलेला अर्धा कुठेतरी ठेवून पुढच्या कामाला लागायचे. तो कप मग संध्याकाळी कुणाला तरी पाण्याच्या टाकीवर किंवा कुणाच्या तरी स्कूटरच्या सीटवर सापडायचा.

मी तंत्रनिकेतनात संगणक शिकवते. त्यामुळे नाना मला मॅडम म्हणायचे, आणि त्या शब्दात आदर किती आणि टिंगल किती हे मला आठ वर्षांत कळलं नाही. माझं एखादं उत्तर पटलं नाही की म्हणायचे, "मॅडम, तुमचं पुस्तक बरोबर हे. पण मशीननं ते वाचलेलं नसतं ना." मला भयंकर राग यायचा. एक तर माणूस आपल्याच दारात उभं राहून आपल्याला शिकवतो, आणि वर बहुतेक वेळा त्याचंच बरोबर निघतं.

रिटायर झाल्यावर पहिले सहा महिने नानांनी सोसायटीतली प्रत्येक बिघडलेली वस्तू दुरुस्त केली आणि मग न बिघडलेल्या वस्तूंकडे वळले. लोक दारं लावून घ्यायला लागले तेव्हा त्यांना तो डबा सापडला. म्हणजे महात्मा गांधी रोडवरच्या एका दुकानात त्यांनी तळहातावर मावेल एवढा एक संगणक पाहिला. नुसता हिरवा बोर्ड, ना पडदा ना कीबोर्ड. त्यावर लिनक्स ही संगणक चालवणारी प्रणाली घालायची, लिनक्सवर मीडिया सेंटर नावाचं सॉफ्टवेअर, आणि बोर्ड टीव्हीला जोडायचा. मग घरातले सगळे जुने व्हिडिओ, फोटो, भजनं टीव्हीवर यादीने दिसतात आणि रिमोटने निवडता येतात. नानांनी बोर्ड आणला, पेढ्यांच्या प्लास्टिकच्या डब्यात बसवला, हवा लागावी म्हणून डब्याला तापवलेल्या सुईने भोकं पाडली, आणि त्या दिवसापासून आमच्या मजल्यावरची शांतता संपली.

सुरुवातीला तो डबा चालेचना. चित्रपट लागला की दहा मिनिटांत सगळं बंद, आणि टीव्हीच्या कोपऱ्यात विजेची एक पिवळी खूण. मी म्हणाले, सॉफ्टवेअर पुन्हा टाका. नाना म्हणाले, "वीज दाखवतंय तर वीजच बघू ना आधी." मग मीटर घेऊन ते बाराही घरांत फिरले. कुणाचं जेवण चाललंय, कुणाकडे मुलगी बघायला पाहुणे आलेत, त्याचं काही नाही. "तुमच्याकडचे मोबाइलचे चार्जर जरा दाखवा." प्रत्येक चार्जर त्यांनी मोजला आणि त्यावर पांढऱ्या चिकटपट्टीवर शेरा लिहून परत दिला. "बरा." "वायर बारीक." आमच्या चार्जरवर लिहिलं होतं, "खोटं बोलतो." तो अजून आमच्याकडे आहे आणि खरोखरच खोटं बोलतो, दोन तासांत अर्धा मोबाइल भरतो. शेवटी तळमजल्यावरच्या जोशीबाईंचा चार्जर पास झाला. तो त्यांनी मागून घेतला, बदल्यात बाईंचा मिक्सर फुकट दुरुस्त करून दिला, आणि पिवळी खूण गेली.

नानांचं इंग्रजी कारखान्यातलं. पण लॉग वाचायला त्यांना तेवढं पुरायचं. लॉग म्हणजे त्या संगणकाने स्वतःच लिहून ठेवलेली रोजनिशी, किती वाजता काय केलं आणि कुठे अडलं त्याची. नाना चष्मा कपाळावर सरकवून पडद्यावर बोट फिरवत ती ओळीनं वाचायचे. "वॉर्निंग म्हणजे नुसती कुरकुर. ती घरोघरी असते, लक्ष द्यायचं नाय. एरर म्हणजे काम अडलं. अन् फेटल म्हणजे घाला चपला, निघा." बाकीच्या ओळींना ते बडबड म्हणायचे. सारखं लिहून मेमरी कार्ड झिजतं म्हणून त्यांनी ती बडबड बंदच करून टाकली होती. लॉगमध्ये फक्त एरर लिहायचे, असा हुकूम. मला त्यात काही चूक वाटली नव्हती. मीही तेच केलं असतं.

आणि रजिस्टर. ते सांगितल्याशिवाय नाना कळायचे नाहीत. कारखान्यात मशीन बंद पडलं की मेंटेनन्सवाल्याने बिघाडाच्या रजिस्टरात लिहायचं असतं: तक्रार काय, कारण काय, उपाय काय. पण त्याने कितीही घाम गाळला तरी तक्रार मिटत नाही. मशीन चालवणारा कामगार, म्हणजे ऑपरेटर, तो स्वतः मशीन चालवून बघतो आणि मग सही करतो. त्याची सही झाली की काम झालं. साहेबाची सही असो नसो. नाना हे सांगताना पाय हलवायचे थांबत. "मोठमोठे इंजिनियर पाह्यले मी, मॅडम. ऑपरेटरनं पेन खाली ठेवलं की परत पान्हा हातात घ्यायचे."

घरच्या डब्याचंही तसंच रजिस्टर होतं, लाल पुठ्ठ्याचं. ऑपरेटर सुमनकाकू. नाना काहीही दुरुस्त करायचे की रजिस्टर घेऊन स्वयंपाकघरात हजर. काकू पदराला हात पुसून बाहेर यायच्या, रिमोटची दोन बटणं दाबायच्या आणि सही करायच्या. नुसती सही करतील तर त्या काकू कसल्या! "चालू आहे. पण सोफ्यावर वायरी पडल्या आहेत. सुमन." "आवाज येतो. माणसाचं मात्र दोन हाका मारल्या तरी उत्तर येत नाही. सुमन." काकूंची जीभ तिखट आणि गळा गोड. सोसायटीच्या बायकांच्या भजनी मंडळात त्या पुढे म्हणायच्या आणि आम्ही बाकीच्या मागे. मला सूर सापडत नाही, तर त्या टाळ वाजवता वाजवता कोपराने ढोसून सांगायच्या, "हळू म्हण गं, देवाला ऐकू येतं."

गेल्या वर्षी श्रावणात काकूंना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय, आणि बोलणं. जीव वाचला. पंधरा दिवसांनी घरी आल्या तेव्हा त्यांच्या तोंडून "ते ते" एवढंच यायचं. पाणी हवं तरी "ते ते", कंबर दुखली तरी "ते ते", आम्ही भेटायला गेलो तर डोळे भरून "ते ते". समजत सगळं होतं. शब्द तेवढे हाताशी येत नव्हते. डॉक्टरांनी नानांना सांगितलं, पहिल्या वर्षात जेवढं बोलणं परत येईल तेवढं खरं, नंतर फार आशा धरू नका. ओळखीचे आवाज ऐकवा. त्यांचा स्वतःचा आवाज असेल तर तोही ऐकवून बघा.

नानांनी हे डॉक्टरांचं सुचवणं म्हणून घेतलं नाही, कामाची ऑर्डर म्हणून घेतलं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर श्रावणापासून श्रावणापर्यंत त्यांनी प्रत्येक महिन्याला खूण केली. काकूंची खाट हॉलमध्ये टीव्हीसमोर आणली. डाव्या अंगठ्याला पोचतील अशी बटणं असलेला रिमोट शोधायला तीन दुकानं हिंडले. फुलांचे हार करून करून काकूंचे अंगठे चपळ होतेच, चार दिवसांत त्या रिमोट चालवायला लागल्या. काकूंना घरात आता स्वतःच्या हाताने करता येण्यासारखं तेवढंच होतं. पाणी पिणं, कूस बदलणं, खिडकी उघडणं, सगळं दुसऱ्याच्या हाती. सहीच्या जागी त्या डाव्या हाताने एक तिरपी रेघ मारायच्या. ती रेघ मला दाखवून नाना म्हणायचे, "बघा, ऑपरेटर कामावर रुजू."

मग नानांनी गणपतीतल्या भजनाचं जुनं चित्रीकरण हुडकून काढलं. त्यांच्या मुलीने मोबाइलवर घेतलेलं, त्यात काकू पुढे बसून म्हणतायत. त्यांनी ते अशा रीतीने लावलं की रोज सकाळी सात वाजता आपोआप सुरू व्हावं. रोज स्वतःचा आवाज कानावर पडला की जीभ सैल होईल, असा हिशोब. ते सुरू झालं की नाना आत चहा टाकायला, पाणी भरायला, कपडे भिजवायला पळायचे. कारण सकाळी सात ते नऊ त्या घरात एका माणसाला तिघांचं काम होतं.

पाचव्या-सहाव्या दिवशी माझी कडी वाजली. "मॅडम, भजन बंद पडतंय. चौदाव्या सेकंदाला. रोज. एक सेकंद इकडं नाय, तिकडं नाय."

दुपारी त्यांनी स्वतः रिमोट घेऊन लावलं, तर भजन शेवटपर्यंत चाललं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा चौदा सेकंद. लॉगमध्ये एकही एरर नाही. मधूनच येणारा बिघाड हा मेंटेनन्सवाल्याचा खरा वैरी असतो, असं नाना म्हणायचे, आणि पुढचे दोन महिने ते त्या वैऱ्याच्या मागे लागले. आधी मेमरी कार्ड बदललं. मग हार्ड डिस्क बदलली. मग माझ्या मदतीने भजनाची फाइल नव्या पद्धतीने तयार करून घातली. प्रत्येक दुरुस्तीनंतर दुपारी सगळं नीट चालायचं. नाना रजिस्टर उघडून काकूंपुढे धरायचे आणि पेन डाव्या हातात द्यायचे. काकू पेन घ्यायच्या नाहीत. मान भिंतीकडे फिरवायच्या.

"नाय ना अजून समाधान?" नाना म्हणायचे. "बरोबर हे. सकाळी चालल्याशिवाय कशी सही करील ती!" आणि पुन्हा पेचकस.

मी एकदा म्हणाले, "नाना, बाकीचं सगळं चालतंय ना? भजन राहू द्या काही दिवस."

"मॅडम, माघ संपला," ते म्हणाले. कॅलेंडरकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. "सात महिने गेले. पाच राह्यले."

मग त्यांच्या डोक्यात आलं की सकाळी सात ते आठ सोसायटीची पाण्याची मोटार चालते, तेव्हा व्होल्टेज पडतं, आणि त्यानेच डबा अडतो. हे पटवून कुणाला द्यायचं? नानांनी पटवलंच नाही. एका सोमवारी सकाळी पावणेसातला त्यांनी मोटारीचा फ्यूज काढून खिशात घातला. साडेसातला बारा घरांत पाणी नाही. सेक्रेटरी कुलथे अंगाला साबण लावलेल्या अवस्थेत, टॉवेल गुंडाळून जिन्यात उभे राहून ओरडत होते, "विधाते, तुम्ही माणूस आहात का कोण आहात!" नाना त्यांच्याकडे बघत उभे होते, फ्यूज मुठीत, आणि चेहरा इतका पडलेला की कुलथ्यांचा आवाजच खाली आला. "साहेब," नाना म्हणाले, "मोटार बंद होती. तरी चौदाव्या सेकंदालाच बंद पडलं."

मी तेव्हा कामावर जायच्या घाईत होते. केसांत फणी तशीच ठेवून मी त्यांच्या घरात गेले आणि म्हणाले की आता माझं ऐका. फक्त एररवर भागायचं नाही. लॉगला सगळं लिहू द्या, बडबडीसकट, दोन दिवस. "कार्ड झिजल," नाना म्हणाले. झिजू द्या, मी नवीन आणून देते, मी जरा जोरातच म्हणाले. खाटेवरून काकू आमच्याकडे बघत होत्या. त्या वेळी मला त्यांच्या बघण्यात काही विशेष वाटलं नाही.

बुधवारी मला सुट्टी होती. नाना आत कुकरशी झटत होते, मी खाटेशेजारी स्टुलावर बसून लॉग वाचत होते. बडबडच होती, पानंच्या पानं. सात वाजता भजन सुरू झाल्याची ओळ. त्यानंतर चौदाव्या सेकंदाला एक ओळ, साधी माहितीची, ना कुरकुर ना एरर. रिमोटवरून बटण दाबलं गेलं: थांबव. पुढच्या ओळीत, थांबवलं. दोन्ही दिवशी तेच. मी कानाला हेडफोन लावून माझ्या लॅपटॉपवर ते भजन ऐकलं. आधी पेटी, मग टाळ, मग कुणीतरी खोकलं. तेराव्या सेकंदाला काकूंचा आवाज सुरू झाला.

मी हेडफोन काढले आणि वर बघितलं. काकू माझ्याकडेच बघत होत्या. डावा अंगठा रिमोटवर होता. त्यांना कळलं होतं की मला कळलं. मला तिथून उठून घरी पळून जावंसं वाटलं. हे मी कशाला वाचलं, असं झालं. नानांना सांगावं तर त्यांच्या सात महिन्यांच्या धावपळीवर पाणी. न सांगावं तर उद्या सकाळी सात वाजता पुन्हा तेच, परवा पुन्हा तेच, आणि ही बाई रोज आपला गेलेला आवाज आपल्या हाताने बंद करणार. नानांना जिन्यात गाठून हळूच सांगता आलं असतं. पण काकूंच्या पाठीमागे बोलणं मला पटेना. त्यांच्याबद्दल पाठीमागे ठरवणाऱ्यांची संख्या त्या वर्षात पुष्कळ वाढली होती.

"नाना, बाहेर या," मी म्हणाले. "डबा बंद पडत नाहीये. कुणीतरी बंद करतंय."

"कोण?" नाना कुकरची शिट्टी हातात घेऊन आले. मी पडद्यावरची ओळ दाखवली. त्यांनी ती बोटाने दोनदा वाचली. मग काकूंकडे बघितलं, मग रिमोटकडे. "बटण अडकत असंल," म्हणाले. "धूळ जाती त्यात." आणि काकूंच्या हातातून रिमोट काढून घेऊन त्यांनी तो तिथल्या तिथे खोलला. बटणांचं रबर काढलं, कापसाला स्पिरिट लावून पुसायला लागले. पाय वेड्यासारखा हलत होता. काकूंचा डावा हात गादीवर रिकामा पडला होता.

माझा तोल गेला. "नाना, ठेवा तो रिमोट! कारखान्यात ऑपरेटरने चालू मशीन बंद केलं, तर तुम्ही पहिल्यांदा काय करायचात?"

"इचारायचो," नाना खाली मान घालून म्हणाले.

"काय विचारायचात?"

"का बंद केलं बाबा, म्हणून." हातातला कापूस थांबला. "लगेच इचारायचं असतं. मशीनला हात लावायच्या आधी."

ते फरशीवर बसले, खाटेला टेकून. मी उठायला लागले तर म्हणाले, "थांबा मॅडम. मी चुकीचं समजून घेईन. मला सवय नाय." मग काकूंकडे वळून त्यांनी विचारलं, "अगं, तू बंद करती का?"

काकूंनी होकारार्थी डोळे मिटून उघडले. 

"आवाज मोठा होतो?" हात हलला नाही. "सकाळी नको? दुपारी लावू?" हात हलला नाही. नाना पुढचा प्रश्न विचारायला तोंड उघडायचे आणि मिटायचे. तो त्यांना माहीत होता. आम्हा तिघांनाही माहीत होता. "तुझं गाणं नको?"

काकूंनी डावा हात उचलला, स्वतःच्या गळ्याशी नेला, आणि तिथून काहीतरी काढून टाकावं तसा बाजूला झटकला. पुन्हा नेला, पुन्हा झटकला. "ते ते," म्हणाल्या. "ते ते, ते ते." आणि रडायला लागल्या. झटका आल्यापासून मी त्यांना असं हुंदके देऊन रडताना बघितलं नव्हतं. मलाही आवरेना. त्या आवाजामागे बसून मी आठ वर्षं बेसूर म्हटलं होतं, आणि तो त्यांना रोज सकाळी न विचारता ऐकवला जात होता, याची मला लाज वाटली. लावणारे नाना होते, पण मीही फाइल दुरुस्त करायला मदत केली होतीच.

"मला वाटलं, ऐकून ऐकून येईल," नाना म्हणाले. "डॉक्टर म्हणले होते ना." काकूंनी हात पुढे करून त्यांच्या डोक्यावर ठेवला. टक्कलच ते. त्यावरून अंगठा फिरवत राहिल्या. कुकरखालचा गॅस चालूच होता, तो मी जाऊन बंद केला.

मी परत आले तर नाना रजिस्टर लिहीत होते. तक्रार: भजन चौदा सेकंदाला बंद. कारण: ऑपरेटर बंद करते. ऑपरेटरला विचारले नव्हते. उपाय: भजन काढून टाकले. लिहिल्यावर त्यांनी खरोखरच डब्यातून ती फाइल काढली, काकूंना पडद्यावर दिसेल अशी, आणि रजिस्टर पुढे धरलं. काकूंनी पेन घेतलं. रेघ जरा वाकडी आली, पण चांगली ठळक.

निरोप द्यायला नाना माझ्या दारापर्यंत आले. "म्हणजे आता बोलायची नाय का ती?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, मला माहीत नाही. खरं तेच होतं. पण घरात येऊन दार लावल्यावर मी स्वतःवरच चिडले की काहीतरी बरं बोलता आलं असतं.

त्यानंतर नाना रोज सकाळी काकूंना विचारायला लागले. ते त्यांना अजिबात जमायचं नाही. उघड्या दारातून मला ऐकू यायचं, "हे लावू? का हे? बरं हे?" आणि उत्तर यायच्या आत चौथा प्रश्न. मग मध्येच गप्प. मग पुन्हा, हळू, "हे?" एका सकाळी त्यांच्या घरातून हलगीचा दणका आणि माणसांचा आरडाओरडा ऐकू आला म्हणून मी धावत गेले. टीव्हीवर कुठल्यातरी गावच्या जत्रेतल्या कुस्त्या लागल्या होत्या, नानांच्या भावाने कधीकाळी काढलेल्या. काकू उशीला टेकून एकटक बघत होत्या. एक पैलवान चीत झाला तेव्हा त्यांनी डावा हात गादीवर आपटला. नाना दारात कणकेच्या हातांनी उभे. "अडतीस वर्षं संसार केला, मॅडम," ते म्हणाले, "अन् हिला कुस्त्या आवडतात हे आज कळतंय." ते दुखावले होते की खूष होते, मला सांगता येणार नाही.

पुन्हा श्रावण आला आणि गेला. काकूंचं बोलणं आलं नाही. "ते ते" तेवढं राहिलं. आमच्या सोसायटीला लिफ्ट नाही. दर आठवड्याला डॉक्टरांकडे न्यायला काकूंना खुर्चीत बसवून दोन जिने उतरवायचे आणि चढवायचे हे नानांच्या पाठीला झेपेनासं झालं. मुलगी संगमनेरला असते, तिचं घर तळमजल्यावर. तिने दोघांना तिकडेच यायला लावलं.

निघायच्या आधी तीन दिवस नाना गाडी मोजत होते. भाड्याची मोटार, मागची सीट. तिथे काकूंना आडवं करायचं म्हणून त्यांनी फळी कापून आणली, तिच्यावर गादी शिवून घेतली, धक्का लागू नये म्हणून कारखान्यातल्यासारखे दोन पट्टे बसवले. सकाळी आम्ही चौघांनी काकूंची खुर्ची खाली आणली. नानांनी मागचं दार उघडलं, पट्टे सोडले, उशी झटकली. "चला, आता असं उचलायचं, पाय आधी," त्यांनी आम्हाला बजावलं.

काकूंनी डावा हात वर केला.

"काय? पाणी?" नाना म्हणाले. "उशी टोचंल का? ऊन लागतंय?" आणि मग थांबले. हात मागे बांधून खुर्चीसमोर उभे राहिले. ड्रायव्हरने हॉर्न दिला. "काका, उन्हाच्या आत निघायचंय ना?"

"थांब रे," नाना त्याच्याकडे न बघता म्हणाले. "ती सांगतीये."

काकू सावकाश सांगत होत्या. बोट नीट सरळ होत नव्हतं. पुष्कळ वेळ लागला. कुलथे घड्याळ बघायला लागले. मला सारखं वाटत होतं की आपणच काहीतरी सुचवून टाकावं. नाना तसेच उभे. शेवटी बोट सरळ झालं. ते मागच्या दाराकडे नव्हतं, पुढच्या सीटकडे होतं.

नानांनी आपल्या फळीकडे बघितलं, पट्ट्यांकडे बघितलं. "पुढं बसायचं? सरळ? जमंल तुला?" काकूंनी हात खाली घेतला नाही.

मग सगळं पुन्हा. पुढची सीट मागे सरकवली, उशा काढून पाठीशी लावल्या, पट्टा आवळला. पाऊण तास गेला. डावीकडची काच पूर्ण खाली करायची, हेही काकूंनी बोटानेच सांगितलं. मागे फळी, गादी, टीव्ही आणि डबा यांच्यामधल्या फटीत नाना एका अंगाने शिरले आणि दार कसंबसं ओढून घेतलं. आम्ही हात हलवले. गाडी फाट्याकडे वळली तेव्हा काकूंचं डावं कोपर खिडकीबाहेर होतं, वाऱ्याने केस उडत होते, आणि मागच्या काचेत गुडघे छातीशी घेऊन बसलेले नाना पुढे वाकून त्यांना काहीतरी विचारत होते.